झाडूचा दांडा

गेघाम, तू पुन्हा दाराशी उभा,
टोपीवरचं बर्फही न झटकता.
पुन्हा तेच विचारणार: कधी?

चार महिने झाले, माझ्या पोराच्या हातात
लोखंड नाही, लाकूड आहे, म्हणतोस.
खरं आहे.
लाकूडही आमचं नाही, झाबेलबाईंच्या झाडूचा दांडा तो.
सप्टेंबरपासून त्या वाकून वाकून
नुसत्या कुंच्याने हॉल झाडतात
आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात
माझा उद्धार करतात.

दांड्याच्या एका टोकाला तातुलने पेन्सिलीने लिहिलंय: शंभर किलो.
दुसऱ्या टोकाला, बारीक अक्षरात: सध्या नाही.

बघ, आत्ता बघ.
टाचा जमिनीला. गुडघे पावलांच्या रेषेत.
दांडा नडगीला घासत वर येतो,
मांडीशी क्षणभर रेंगाळतो,
आणि मग
(हे मी शिकवलेलं नाही,
हे त्याला एका मंगळवारी आपोआप सापडलं)
पोरगं दांड्याखाली असं शिरतं
जसं मांजर कुंपणाखालून.

तुला हे दिसत नाही. तुला चकत्या दिसतात.
स्टेशनमागच्या हॉलमध्ये तुझ्या शेजाऱ्याचा मुलगा
साठ उचलतो म्हणतोस, अकराव्या वर्षी.
उचलतो. मी पाहिलंय.
खाली ठेवताना पाहिलंस का कधी त्याला?

मी तेरा वर्षांचा होतो.
आमच्या सरांकडे एकच शब्द होता: अजून.
कंबर दुखते म्हटलं, अजून.
ताप आहे म्हटलं, अजून.
मेडल मिळालं. आहे कुठेतरी,
औषधांच्या डब्यामागे.
आणि आज, बुटाची नाडी सुटली
तर मला कुणाला तरी हाक मारावी लागते.

बहुतेक वेळा तातुलच येतो.
खाली बसतो, दुहेरी गाठ मारतो.
एकदाच म्हणाला, "मिहरान सर, तुम्ही किती उचलायचात?"
मी आकडा सांगितला नाही.
सांगितला असता तर दांड्यावर गेला असता.

पहिल्या आठवड्यात काय शिकवलं, ठाऊक आहे?
टाकून द्यायला.
जमत नाहीसं वाटलं की हात मोकळे, मागे उडी,
दांडा पुढे. ठक्क.
दिवसभर ठक्क, ठक्क. झाबेलबाई कान दाबून बाहेर.
पोरं हसली: हरायला कुणी शिकवतं का, सर?
म्हटलं, हरायला नाही रे,
उद्या परत यायला.

लोखंडाशी माझं वैर नाही.
मार्चमध्ये छोटी दांडी देईन, पाच किलोची,
मग बघू. आठवड्याचे तीन दिवस, एक जास्त नाही.
बाकीचे दिवस त्याने फुटबॉल खेळावा,
झाडावर चढावं, आळसात लोळावं.
त्याच्या हाडांच्या टोकांशी अजून कोवळी कूर्चा आहे,
तिथूनच तो वाढतोय.
सप्टेंबरपासून तीन बोटं उंच झाला,
तुझ्या लक्षात आलं?
दिवसरात्र ते एक वजन तो उचलतोच आहे,
वर आणखी किती घालू?

तू तर दगड घडवणारा माणूस.
मागे इथेच, शेगडीशी हात शेकत, तूच सांगत होतास:
ग्युमरीचा काळा दगड खाणीतून निघतो तेव्हा
ओला असतो, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा.
त्याला वारा खाऊ द्यायचा,
एक हिवाळा तरी. मग भिंत.
मी तेव्हा काही बोललो नाही.
हिवाळा संपायचाय अजून, गेघाम.

जा आता, दार लाव, गारठा आत येतोय.
नाही, थांब.
माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय,
आणि तातुल
अजून दांड्याखाली आहे.